दुधी, बीट आणि पालक

निकालानंतर आठव्या दिवशी लातूरच्या शिखरसाधना अकॅडमीनं साडेतीन हजार पालकांना परिपत्रक क्रमांक एकेचाळीस पाठवलं. विषय होता, 'पाल्यांनी घ्यावयाच्या भाजीरसाबाबत.' संदर्भ म्हणून खाली अकॅडमीतून नीटला पहिली आलेल्या रेणुका सोनकांबळे हिची मुलाखत जोडलेली होती. रेणुका देगलूर तालुक्यातली. आपल्या यशाचं रहस्य सांगताना तिनं म्हटलं होतं की ती रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आईच्या हातचा अडीचशे मिलिलिटर भाजीरस घेत असे. सबब सर्व पालकांनी येत्या सोमवारपासून दुधी, बीट, काकडी व पालक यांचा एकत्रित रस घरीच तयार करून पाल्यास द्यावा, बाहेरचा रस ग्राह्य धरला जाणार नाही, आणि रसासाठी लागणारा पालक पालकानं स्वतः निवडावा, असं परिपत्रकात नमूद होतं.

हे परिपत्रक ज्या साडेतीन हजार घरांत पोचलं त्यांतलं एक घर रविकिरण बोळेगावे यांचं. रविकिरण एका सरकारी कचेरीत बावीस वर्षं आवक-जावक शाखेत होते. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि तो ज्याचा त्याला पोचवायचा, एवढंच काम त्यांनी इतकी वर्षं मन लावून केलं होतं. कागदात काय लिहिलंय ते खरं की खोटं, हा प्रश्न आवक शाखेत कधी येत नसतो. त्यामुळे कागदावर लिहिलेली कुठलीही गोष्ट त्यांना मुळातच खरी वाटायची. अकॅडमीचं परिपत्रक मोबाइलवर आलं, तर त्यांनी त्याची प्रिंट काढली, वर कोपऱ्यात तारीख टाकली आणि ते देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

त्यांची मुलगी शिवानी बारावीला होती आणि अकॅडमीच्या ए-वन तुकडीत होती. ए-वन म्हणजे काय हे लातुरात सांगावं लागत नाही. लग्नपत्रिकेत मुलाची पदवी छापतात तशी इथं मुलांची तुकडी सांगतात. रविकिरणच्या पत्नी मंजुश्री औशाकडच्या एका झेडपी शाळेत शिक्षिका. त्यांनी परिपत्रक वाचलं आणि म्हणाल्या, पोरगी भाकरी खाती, दूध पिती, वेळेवर झोपती, तिला आणखी काय पाजायचंय? मला साडेसहाची एसटी असती, मला हे जमायचं न्हाई. मंजुश्रीबाईंनी स्वतः वीस वर्षं परिपत्रकं राबवली होती, त्यामुळे त्यांचा परिपत्रकांवर अजिबात विश्वास नव्हता.

तेव्हा रस रविकिरणच्या वाट्याला आला.

पहिल्या सोमवारी त्यांनी चार वाजता उठून दुधी किसला, बीट कापलं, पालकाची एक जुडी पानन्‌पान पाहून निवडली आणि सगळं मिक्सरला लावलं. बिल्डिंगमधल्या बाकीच्या सात घरांतही तेव्हाच मिक्सर सुरू झाले. आठ मिक्सरांच्या आवाजानं तळमजल्यावरची म्हातारी माणसं भूकंप समजून अंगणात येऊन उभी राहिली. किल्लारीचा भूकंप पाहिलेली ती माणसं, त्यांना दोष देता येणार नाही. शिवानीनं डोळे मिटून रस संपवला. रंग चिखलासारखा होता, पण पाच वाजून दहा मिनिटांनी पेला रिकामा झाला होता आणि रविकिरणना कामाची फाइल निकाली काढल्याचं समाधान मिळालं.

ते समाधान तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी परिपत्रक क्रमांक बेचाळीस आलं. काही पालक रस न देताच दिल्याचं सांगतात असं निदर्शनास आल्यामुळे अकॅडमीनं 'रससेतू' नावाचं अ‍ॅप सुरू केलं होतं. त्यावर रोज रस करतानाचा व्हिडिओ टाकायचा. त्यात भाज्या, मिक्सर, पालक आणि पाल्य एकाच वेळी दिसले पाहिजेत. शेवटी पेला तपासणीसाठी कॅमेऱ्यासमोर धरायचा. अ‍ॅप रंग बघून हिरवी किंवा लाल खूण देणार. रसाला तीस गुण ठेवले होते. त्यांना 'रसनिष्ठा गुण' म्हणायचं आणि ते चाचणीच्या गुणांत मिळवूनच तुकडी ठरणार होती.

रविकिरणच्या रसाला पहिल्याच दिवशी लाल खूण आली. खाली लिहून आलं, 'रंगछटा विसंगत.' पालक हिरवा आणि बीट लाल, दोन्ही एकत्र वाटले की तपकिरी होणार, हे चौथीतलं पोरगं सांगेल. पण अकॅडमीनं ठरवून दिलेला रंग होता गर्द गुलाबी, मुलाखतीच्या फोटोत रेणुकाच्या हातातल्या पेल्याचा होता तसा. रविकिरणनी पालक कमी करून पाहिला, तर 'पालकाचा सहभाग अपुरा' असा शेरा आला. हा शेरा भाजीबद्दल आहे की आपल्याबद्दल, हे त्यांना कळेना. त्यांनी मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीनं अदबीनं सांगितलं की सर, दोन्ही.

महिन्याअखेरीला चाचणी झाली. शिवानीला भौतिकशास्त्रात पूर्ण गुण पडले, जीवशास्त्रात दोन गेले आणि रसनिष्ठेत तीसपैकी चार मिळाले. ती ए-वनमधून ए-थ्रीत आली. तिच्या जागी वीरण्णा शेठ या तेलमिलवाल्यांची मुलगी गेली. तिला भौतिकशास्त्रात निम्मे गुण होते, पण वीरण्णा शेठनी रसासाठी स्वयंपाकघराला वेगळे दिवे बसवून घेतले होते.

शिवानी घरी आली. दप्तर ठेवलं आणि गच्चीवर जाऊन बसली. रविकिरण मागे गेले. ती म्हणाली, "पप्पा, मला सगळं येत होतं."

"मला माहीत हाय," ते म्हणाले. "आता माझा अभ्यास कमी पडायलाय."

आणि त्यांनी तो खरोखर सुरू केला. अकॅडमीनं रविवारी पालकांसाठी रस-कार्यशाळा ठेवली होती, तिथं ते पहिल्या बाकावर बसले. संचालक मल्लेश सरांनी फळ्यावर मिक्सरची आकृती काढून पात्याचा वेग, भाजीचा आकार आणि पाल्याची ग्रहणशक्ती यांचा संबंध समजावून सांगितला. शेवटी पालकांची चाळीस गुणांची परीक्षा झाली, गोल काळे करायची. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. बाहेर मुलं आईवडिलांच्या चपला सांभाळत उभी होती आणि सुटल्यावर विचारत होती, पेपर कसा गेला.

भाज्यांची तर वेगळीच तऱ्हा झाली. गंजगोलाईच्या बाजारात दुधी सकाळी सहालाच संपायला लागला. ज्या भाजीला गिऱ्हाईक नाक मुरडायचं तिच्यासाठी रांगेत भांडणं होऊ लागली. बेळकुंड्याच्या एका शेतकऱ्यानं दुधीच्या मांडवाला रखवालदार ठेवला. बिल्डिंगमध्ये लोक दुधी पिशवीतून न आणता टॉवेलात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसे आणू लागले. आणि यातच परिपत्रक क्रमांक चव्वेचाळीस आलं. पालकांनी रस चाखून पाहू नये, असं त्यात होतं. चाखल्यानं माप अडीचशेच्या खाली येतं, आणि तसं करणं हे पाल्याच्या आहारावरील अतिक्रमण समजण्यात येईल.

तोवर रविकिरणचा रंग जमला होता. काकडीची साल काढायची, पालक शेवटी टाकायचा आणि एकदाच बटण दाबायचं, ही युक्ती सापडल्यापासून रोज हिरवी खूण येत होती. सलग अठरा दिवस. आणखी बारा दिवस असेच गेले की शिवानी परत ए-वनमध्ये जाणार होती.

एकोणिसाव्या दिवशी शिवानीनं पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. "पप्पा, हे लई कडू लागायलंय."

कॅमेरा चालू होता. पाच वाजून नऊ मिनिटं झाली होती. रविकिरणच्या मनात आलं की बोट बुडवून चाटून बघावं, पण परिपत्रक चव्वेचाळीस आठवलं. परिपत्रकांत चवीचा उल्लेख कुठंच नाही, हेही आठवलं. कडू असू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"पी बाळा," ते म्हणाले. "बाराच दिवस राहिलेत."

तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि सगळा पेला एका दमात संपवला. हिरवी खूण आली.

अर्ध्या तासात तिला उलट्या सुरू झाल्या. मंजुश्रीबाई एसटीसाठी निघाल्या होत्या, त्या जिन्यातून परत फिरल्या. सातपर्यंत उलटीत रक्त दिसायला लागलं. रिक्षात शिवानीचे हात थंडगार होते आणि रविकिरण ते चोळत होते. त्यांच्या बोटांना अजून बीट लागलेलं होतं. कुठला लाल रंग कशाचा, ते त्यांना कळत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की दुधी कडू होता का. कडू दुधी विषासारखा असतो, त्याचा एक घोटसुद्धा घेऊ नये, हे ते पुढं बोलले. शिवानीला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. मंजुश्रीबाई बाहेरच्या बाकावर बसून होत्या. नवरा शेजारी येऊन बसला की त्या औषधांची चिठ्ठी घेऊन उठायच्या. त्या भांडल्या असत्या तर रविकिरणना जरा बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी रससेतूवर निरोप आला, 'आपल्या पाल्याचा रस दोन दिवस अनुपस्थित आहे. वैद्यकीय कारण असल्यास नमुना सात तीन प्रतींत भरावा.' रविकिरण जिन्याखाली उभं राहून तो भरत होते, तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी शिवानी आता धोक्याबाहेर असल्याचं सांगितलं. मग इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं की अठरा दिवस हिरवी खूण आली म्हणताय, पालक आधी टाकता की शेवटी? त्यांचा मुलगा ए-टूत होता.

शिवानी घरी आल्यावर रविकिरणनी अकॅडमीला रीतसर अर्ज केला. रसाच्या चवीबाबत स्पष्ट मार्गदर्शक सूचना नसल्यामुळे माझ्या मुलीच्या जिवावर बेतलं, असं त्यात लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. मूळ रस कडू होता किंवा नव्हता याची नोंद अकॅडमीकडे उपलब्ध नाही, आपण मूळ स्रोताकडून स्वतः खातरजमा करून घेऊ शकता.

दुसऱ्या कोणी हे उत्तर फाडून टाकलं असतं. रविकिरणनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि उदगीरमार्गे देगलूरची एसटी धरली.

रेणुकाचं गाव देगलूरपासून आत होतं. घर दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली अ‍ॅप्रन घातलेल्या रेणुकाचा फोटो. तिची आई नागुबाई आशा कार्यकर्त्या होत्या. नुकत्याच गावात लसीकरण आटोपून आल्या होत्या आणि नोंदी लिहीत बसल्या होत्या. रेणुकाही सुट्टीला घरी आली होती. रविकिरणनी आपली ओळख सांगितली, वही काढली आणि विचारलं की ताई, दुधी आणि बीट यांचं मूळ प्रमाण काय होतं, आणि चव कशी असायची.

नागुबाईंनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडं मिक्सर न्हाई, साहेब."

रविकिरणना वाटलं, त्या पाट्यावर वाटत असाव्यात. त्यांनी तसं वहीत लिहायलाही घेतलं.

"पाट्यावर चटणी वाटतो," नागुबाई म्हणाल्या. "ते रसाचं तुमच्या अकॅडमीवाल्यांनी आणलं व्हतं. मिक्सर आणला, भाज्या आणल्या, फोटोवाला आणला. पेल्यात रंग न्हाई आला म्हणून त्यात गुलाबाचं सरबत वतलं. मिक्सर परत घेऊन गेले. दुधी ठिवून गेले, त्याची आम्ही भाजी केली."

रविकिरणचं पेन थांबलं. मग ती मुलाखत, त्यांनी विचारलं.

रेणुका आतून पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, "काका, मी तुमच्या अकॅडमीत शिकलेच न्हाई. त्यांचे सराव पेपर तेवढे दिले. पहिल्या वर्षी माझा नंबर हुकला, तेव्हा कुणी फोटो काढायला आलं न्हवतं."

"मग तुम्ही केलं काय?"

"वाचलं."

"ते झालं. पण त्याच्याबरोबर काय?"

"विहाराच्या अभ्यासिकेत बसत होते. लाइट गेली की ओट्यावर. घरी येऊन भाकरी खायची आणि परत जायची."

रविकिरणनी वहीकडे पाहिलं. पान कोरं होतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद विनामजकूर पुढं गेला नव्हता. ते निघताना नागुबाई दारापर्यंत आल्या. शिवानी आता कशी आहे हे त्यांनी विचारलं, महिनाभर तेलकट देऊ नका म्हणाल्या, आणि मग शांतपणे बोलल्या, "पोरगी कडू हाय म्हणत व्हती तर तुम्ही एक घोट घिऊन बघायचा व्हता, साहेब."

परतीच्या एसटीत रविकिरणना या वाक्यानं खिडकीबाहेर बघू दिलं नाही. उदगीर येईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं की येत्या पालकसभेत हे सगळं बोलायचं. आयुष्यात प्रथमच ते कागदाविरुद्ध बोलणार होते.

आणि ते बोलले. हजारभर पालक बसलेल्या सभागृहात उठून उभे राहिले आणि सरबतापासून अभ्यासिकेपर्यंत सगळं सांगितलं. शिवानीच्या उलटीतल्या रक्ताचंही सांगितलं. मग खाली बसले. व्यासपीठावर मल्लेश सर पाण्याचा ग्लास नुसताच फिरवत होते. रविकिरणना वाटलं, आता लोक उठतील.

वीरण्णा शेठ उठले. त्यांनी चष्मा लावला आणि विचारलं, "बोळेगावे, ती भाकरी म्हणलात, ती ताजी का रात्रीची?"

मागून कुणीतरी अभ्यासिकेची दिशा कोणती होती ते विचारलं. एका बाईंनी ओट्याची उंची विचारली. पाच मिनिटांत सभेतले लोक रविकिरणच्या भोवती गोळा झाले होते आणि मल्लेश सर वरून माइकवर सांगत होते की अकॅडमी नेहमीच संशोधनाचं स्वागत करत आली आहे.

परिपत्रक क्रमांक एकोणसाठ त्याच आठवड्यात आलं. भाजीरस तात्काळ प्रभावानं रद्द करण्यात येत असून पालकांनी स्वतःच्या हातानं थापलेली ज्वारीची भाकरी सुरू करावी, असं त्यात होतं. भाकरी फुगली की नाही ते अ‍ॅप तपासणार होतं. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'मूळ संशोधन: श्री. रविकिरण बोळेगावे, मानद पालक समन्वयक.' संशोधकाच्या पाल्यास रसनिष्ठेचे पूर्ण गुण बहाल करून ए-वन तुकडीत प्रवेश देण्यात आला होता.

हा कागद घेऊन रविकिरण घरी आले. शिवानीनं तो दोनदा वाचला.

"पप्पा, तुम्ही खरं सांगायला गेला होतात ना?"

"सांगितलं की. इतिवृत्तात नोंद हाय."

"मग हे काय हाय?"

रविकिरणनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख टाकली. ए-वनचा प्रवेश परत करावा, असं मंजुश्रीबाईंचं म्हणणं पडलं. रविकिरणनी त्यावर विचार करायला चार दिवस मागून घेतले. चौथ्या दिवशी नव्या तुकडीचं वेळापत्रक आलं आणि तो विषय आपोआप निकाली निघाला. शिवानी ए-वनमध्ये बसू लागली. ती आता ताटात पडेल ते आधी स्वतः चाखते.

रविकिरणना मात्र फोन येत राहतात. उदगीरहून येतात, नांदेडहून येतात, हल्ली पुण्याहूनही येतात. बहुतेकांना सभेचा व्हिडिओ कुणीतरी पाठवलेला असतो. परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांचा आला. त्यांनी सगळी हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती. काय मूर्ख लोक असतात, म्हणाले, लई हसलो आम्ही घरी. आमचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हेही म्हणाले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं की सहज आपलं, माहिती असावी म्हणून, ज्वारी कुठली होती?

रविकिरणनी नागुबाईंना हे विचारलं नव्हतं. पण पलीकडून पेनाचं टोपण काढल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"मालदांडी," ते म्हणाले.

त्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. तुम्ही लिहून घेतलं नसेल. नुसतं लक्षात ठेवलं असेल.